विकास बँकेच्या कर्जातून भुयारी गटार आणि पाणी योजना: नगरपरिषदेनं फाईल कशी बांधायची

जागतिक बँक, आशियाई विकास बँक, जपानची जायका किंवा जर्मनीची केएफडब्ल्यू, यांपैकी कोणीही खोपोलीच्या किंवा पेणच्या मुख्याधिकाऱ्यांच्या हातात धनादेश ठेवत नाही. कर्जावर सही भारत सरकारची असते. पैसा राज्याच्या तिजोरीत येतो, आणि तोही बहुतेक वेळा काम होऊन ठेकेदाराचं बिल चुकतं झाल्यावर. बँक झालेल्या खर्चाची भरपाई करते, तीही कागद जुळले तरच. त्यामुळे नगरपरिषदेनं कर्जाच्या मागे धावण्याआधी जागेचे, पाण्याच्या स्रोताचे आणि दरमहा येणाऱ्या वीजबिलाचे कागद जुळवायला घ्यावेत. हे तीन कागद तयार असतील तर कर्ज मिळवणं तुलनेनं सोपं जातं. ते नसतील तर मंजूर झालेलं कर्जही वापराविना पडून राहतं आणि त्याचं शुल्क मात्र चालू होतं.

पुढचा हिशोब मुंबई महानगर प्रदेशातल्या एका नमुना शहरासाठी मांडला आहे. लोकवस्ती ८० हजार, योजनेचा अंदाजे खर्च २०० कोटी, त्यात १४० कोटी कर्ज आणि ६० कोटी स्वहिस्सा. आपले आकडे घालून तोच हिशोब पुन्हा करावा.

कोणाच्या दारात जायचं

रकमेवरून दार ठरतं. काम शंभर कोटींच्या आत असेल तर परदेशी बँकेचा विचार सोडून द्या. नॅशनल हाउसिंग बँकेमार्फत चालणारा नागरी पायाभूत सुविधा विकास निधी २०२३ पासून आहे. तो दुसऱ्या-तिसऱ्या स्तरातल्या शहरांसाठी आहे, राज्य सरकारमार्फत मिळतो आणि सात वर्षांत फेडायचा असतो. त्यातल्या पहिल्या दोन वर्षांत मुद्दल भरावी लागत नाही. ग्रामपंचायतींच्या पाणी योजनांसाठी नाबार्डचा ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधी याच धर्तीवर चालतो. हे दोन्ही पैसे रुपयात, म्हणजे विनिमय दराची डोकेदुखी नाही.

परदेशी बँकेला एकट्या छोट्या शहरात रस नसतो. तपासणीचा, पर्यावरण अहवालाचा आणि देखरेखीचा खर्च पन्नास कोटींच्या कामाला आणि पाचशे कोटींच्या कामाला जवळपास सारखाच येतो. म्हणून पाच-सहा शहरं किंवा एक अख्खं खोरं एकत्र करून राज्याच्या विभागामार्फत प्रस्ताव जातो. महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी जागतिक बँकेच्या मदतीनं २००३ मध्ये जलस्वराज्य आणि २०१४ मध्ये जलस्वराज्य-२ आलं, तेही असंच राज्याचा कार्यक्रम म्हणून. दुसऱ्या टप्प्यात पैसे खर्चाच्या पावतीवर मिळत नव्हते, ठरलेला निकाल तपासून पटला की मिळत होते. तुमच्या वाट्याला या प्रकारचा कार्यक्रम आला तर पहिल्या दिवसापासून मोजमापाची नोंद ठेवा. नळातून पाणी येतं हे तिथं पुरत नाही, किती घरांत किती तास आलं याची तपासता येईल अशी वही लागते.

थेट कर्ज घेण्याची एक वाट २०१७ मध्ये उघडली, पण ती फक्त बड्यांसाठी आहे. ज्या राज्यस्तरीय संस्थेचा महसूल एक हजार कोटींच्या वर आणि प्रकल्प पाच हजार कोटींच्या वर, तिला सरकारी हमीवर द्विपक्षीय संस्थेकडून, म्हणजे जायकासारख्या एकाच देशाच्या संस्थेकडून, कर्ज घेता येतं. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं (एमएमआरडीए) शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूसाठी जायकाचं कर्ज याच वाटेनं घेतलं. नगरपरिषदेनं ही वाट विसरावी.

नेहमीचा मार्ग असा आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव, मग नगरविकास विभाग, तिथून वित्त आणि नियोजन विभाग. राज्याची संमती झाली की केंद्राच्या आर्थिक कार्य विभागाच्या पोर्टलवर प्राथमिक प्रकल्प अहवाल चढतो. संबंधित मंत्रालय आणि नीती आयोग अभिप्राय देतात, छाननी समिती बसते आणि त्यानंतरच प्रस्ताव बँकेकडे जातो. बँकेची पथकं येणं, मूल्यांकन, वाटाघाटी, संचालक मंडळाची मंजुरी आणि सही यात आणखी दीड-दोन वर्षं सहज जातात. येत्या निवडणुकीआधी भूमिपूजन करायचं असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही, हे सभागृहात आधीच सांगून टाकलेलं बरं.

स्वस्त कर्ज किती स्वस्त

सत्तरच्या दशकात मुंबईच्या पाणीपुरवठ्याला जागतिक बँक समूहाकडून जवळपास बिनव्याजी पैसा मिळाला. भारत २०१४ मध्ये त्या सवलतीच्या यादीतून बाहेर पडला. आताचं कर्ज बाजाराशी जोडलेल्या बदलत्या दरानं मिळतं. जागतिक बँक सुरुवातीला ०.२५ टक्के शुल्क घेते आणि न उचललेल्या रकमेवर दरवर्षी ०.२५ टक्के बांधिलकी शुल्क लावते. आशियाई विकास बँकेचं बांधिलकी शुल्क ०.१५ टक्के आहे. १४० कोटींवर ०.२५ टक्के म्हणजे ३५ लाख. हे शुल्क लागू झाल्यावर जागेच्या वादात तीन वर्षं एक पैसाही उचलला नाही, तर खड्डाही न खणता एक कोटी पाच लाख गेले. शिवाय सुरुवातीचे ३५ लाख वेगळे.

विनिमय दराचा बोजा याहून मोठा. २००५ नंतर परदेशी कर्ज राज्यांना जसंच्या तसं, म्हणजे डॉलर-येनच्या चढउतारासकट सोपवलं जातं. रुपया दरवर्षी सरासरी ३ टक्के घसरला असं धरलं, तर आज घेतलेल्या शंभर रुपयांच्या मुद्दलापोटी दहा वर्षांनी १३४ रुपये मोजावे लागतात. हा फरक राज्य सोसणार की तुमच्या माथी येणार, हे राज्य आणि नगरपरिषद यांच्यातल्या उपकर्ज करारात लिहिलेलं असतं. तो करार वाचल्याशिवाय ठराव करू नका. मुळात तुम्हाला मिळणारी रक्कम कर्ज आहे की अनुदान, हेही तिथेच ठरतं. पुण्याच्या मुळा-मुठा प्रदूषणमुक्ती प्रकल्पात जायकाचं कर्ज केंद्रानं घेतलं, पण महापालिकेला खर्चाच्या ८५ टक्के रक्कम अनुदान म्हणून देण्याचं ठरलं. ती फेड पुणेकरांच्या पाणीपट्टीतून व्हायची नाही. तुमच्या बाबतीत काय ठरलंय, एवढं एक वाक्य मंत्रालयातून लेखी आणा.

स्वहिस्सा काढताना सगळ्यांत जास्त चूक जीएसटीत होते. जायका जमीन, प्रशासकीय खर्च आणि कर यांना पैसे देत नाही. कामाच्या ठेक्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर शंभर कोटींच्या कामावर १८ कोटी तुमच्याच खिशातून जाणार. बँकेचे ७० टक्के आणि आपले ३० टक्के एवढ्यावर समाधान मानून बसू नका. त्या ७० टक्क्यांत काय बसतं ते बाब पाहून ठरवा आणि जमीन, कर, झाडं, विजेचे खांब हलवणं, रस्ते पूर्ववत करणं हे सगळं स्वहिस्स्याच्या वेगळ्या तक्त्यात लिहा.

माणसं मोजा, पाणी मोजा

शेवटची जनगणना २०११ ची. महानगर प्रदेशात त्या आकड्यावर तीस वर्षांचा अंदाज बांधणं धोक्याचं, कारण मधल्या काळात उभ्या राहिलेल्या इमारती त्यात नाहीत. महावितरणचे घरगुती मीटर किती, मालमत्ता कराच्या नोंदी किती, गेल्या दहा वर्षांत भोगवटा प्रमाणपत्रं किती दिली, या तीन यादींचा मेळ घाला. तिन्हींत फरक येईलच. तो का आला हे अहवालात लिहा, कारण बँकेचा तज्ज्ञ पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

नमुना शहर आज ८० हजारांचं, पंधरा वर्षांनी १ लाख १० हजारांचं, तीस वर्षांनी १ लाख ४० हजारांचं धरू. भुयारी गटार असलेल्या शहराला केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संघटनेच्या (सीपीएचईईओ) मॅन्युअलप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर धरतात. १ लाख ४० हजार गुणिले १३५ म्हणजे रोज १८.९ दशलक्ष लिटर (एमएलडी). गळतीसाठी १५ टक्के धरले की स्रोतावर २२.२ एमएलडी लागतं. सांडपाणी पाण्याच्या ८० टक्के. प्रक्रिया केंद्राची आखणी पंधरा वर्षांची असते, म्हणून १ लाख १० हजार लोकांचं ११.९, म्हणजे १२ एमएलडी. गटाराच्या नळ्या मात्र तीस वर्षांच्या लोकसंख्येवर आखायच्या, कारण रस्ता पुन्हा पुन्हा खणता येत नाही.

कागदावर सगळं बरोबर दिसतं. आता आजची स्थिती पाहा. लोकांना प्रत्यक्षात माणशी ९० लिटर मिळतं आणि पहिल्या दोन वर्षांत ४० टक्के घरंच गटाराला जोडली जातात. ८० हजार गुणिले ९० गुणिले ०.८ म्हणजे ५.८ एमएलडी, त्याचे ४० टक्के म्हणजे २.३. बारा एमएलडीच्या टाकीत २.३ एमएलडी आलं की जिवाणूंना पुरेसं खाद्य मिळत नाही, टाकीत हवा सोडणारे ब्लोअर रिकामे फिरतात आणि वीजबिल तेवढं येतं. उपाय साधा आहे. सहा-सहा एमएलडीचे दोन भाग करा. स्थापत्य काम आणि जागा दोन्हींची ठेवा, पण दुसऱ्या भागाची यंत्रसामग्री पहिला भाग भरत आल्यावर बसवा. सल्लागार याला नाखूश असतात, कारण त्यांची फी बहुधा प्रकल्पाच्या रकमेवर असते.

कमाल प्रवाहाचा गुणक, म्हणजे गर्दीच्या वेळी सरासरीच्या किती पट सांडपाणी येतं तो आकडा, लोकसंख्येवर ठरतो. पन्नास हजार ते साडेसात लाखांपर्यंत २.२५. म्हणजे पंप ११.९ वर नव्हे, सुमारे २७ एमएलडीवर निवडायचे. नळीतला वेग सुरुवातीच्या वर्षांत कमाल प्रवाहाच्या वेळी किमान ०.६ मीटर प्रतिसेकंद आणि पूर्ण आखणीच्या प्रवाहाला ०.८ मीटर हवा. तो न मिळाल्यास गाळ बसतो. ही अडचण खाडीकाठच्या सपाट भागात हमखास येते. उतार मिळत नाही म्हणून नळी खोल जाते, खोल गेली की भूजलात जाते आणि भरतीच्या वेळी सांध्यांतून खारं पाणी आत शिरतं. खारं पाणी प्रक्रिया केंद्रात पोचलं की जैविक प्रक्रिया बिघडते आणि लोखंडी भाग गंजतात. अशा भागात नळ्यांच्या सांध्यांची पाणी भरून चाचणी निविदेत स्वतंत्र बाब म्हणून घाला, आणि नाल्याच्या मुखाशी भरतीचं पाणी उलटं येऊ न देणारी झडप धरा.

प्रवाहाचं मोजमाप फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत करा. प्रत्येक मोठ्या नाल्यावर सलग सात दिवस, चोवीस तास, दर तासाला. पावसाळ्यात मोजलेला आकडा फेकून द्यावा लागतो.

घराची जोडणी हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. मुख्य नळी रस्त्यात पडते, पण सोसायटीच्या आवारातला संडास अजून सेप्टिक टाकीला जोडलेला असतो आणि टाकीचं पाणी पावसाळी गटारात जात असतं. आवारातला खर्च कोणी करायचा यावर भांडण होतं आणि केंद्र कोरडं राहतं. म्हणून प्रत्येक मालमत्तेच्या हद्दीवर जोडणी चेंबर, तिथपासून मुख्य नळीपर्यंतचा तुकडा आणि सेप्टिक टाकी वळवून बंद करण्याचं काम मूळ ठेक्यातच घ्या. ठेकेदाराचे काही टक्के पैसे नळीच्या लांबीवर न देता प्रत्यक्ष जोडलेल्या घरांवर ठेवा.

सातबारा, खारफुटी आणि रेल्वे

विकास आराखड्यात आरक्षण आहे म्हणजे जागा हातात आहे, असं समजणाऱ्यांचे प्रकल्प हमखास अडतात. पंपिंग स्टेशन आणि प्रक्रिया केंद्राच्या प्रत्येक जागेचा नगरपरिषदेच्या नावाचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि ताबा पावती हवी. सरकारी जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हवा, नुसता प्रस्ताव पाठवल्याचं पत्र चालत नाही. ठाणे-रायगड पट्ट्यात सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात खाजगी वनाची नोंद आहे का ते नीट पाहा. १९७५ च्या कायद्याखालच्या या नोंदी वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाहीत आणि नेमक्या पाया खणताना वर येतात. मग वन विभागाची परवानगी, आणि एक हंगाम हातचा जातो.

खारफुटीचा प्रश्न वेगळाच. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं खारफुटी तोडायला बंदी आहे आणि भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही त्यात येतो. सार्वजनिक कामासाठीही किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) परवानगी आणि वन विभागाची संमती घेऊन न्यायालयाची परवानगी मागावी लागते. गटाराच्या मुख्य नळ्या स्वभावतः सखल भागाकडे, म्हणजे खाडीकडे जातात, त्यामुळे आखणी करतानाच खारफुटीचा नकाशा शेजारी ठेवा. नळी दोनशे मीटर लांब झाली तरी चालेल, पट्ट्याबाहेरून न्या. तो जादा खर्च न्यायालयात जाणाऱ्या वेळेपेक्षा स्वस्त पडतो.

रेल्वे रुळांखालून नळी नेण्याची परवानगी, राष्ट्रीय महामार्गाची, एमआयडीसीच्या रस्त्याची, महावितरणच्या केबलची, अशा प्रत्येक ओलांडणीची यादी करा. समोर अर्जाची तारीख, भरलेली रक्कम आणि सध्या फाईल कोणाच्या टेबलावर आहे ते लिहा. रेल्वेचं काम पुशिंग पद्धतीनं, म्हणजे रूळ न खणता नळी खालून ढकलत नेऊन, आणि त्यांच्या देखरेखीखाली होतं, त्यांचं शुल्क आगाऊ भरावं लागतं. ते प्रकल्पाच्या पैशातून भागत नसेल तर अर्थसंकल्पात तरतूद आधीच हवी.

पाण्याच्या स्रोतासाठी जलसंपदा विभागाचा आरक्षण मंजुरीचा आदेश लागतो. धरणात पाणी आहे, एवढं पुरत नाही. प्रक्रिया केंद्रासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं स्थापनेचं संमतीपत्र हवं, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (त्यातली सेंद्रिय घाण दाखवणारं माप) १० मिलिग्रॅम प्रतिलिटर धरूनच आखणी करा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये कडक मानक सांगितलं आहे, जुन्या ३० च्या आकड्यावर आखलेली योजना परत येते. मुंबईत हाच क्रम उलटा लागला होता. जागतिक बँकेच्या मदतीच्या मलजल विल्हेवाट प्रकल्पातून वरळी आणि वांद्र्याला तीन-साडेतीन किलोमीटर लांबीच्या नळ्या समुद्राखालून गेल्या, पण पुरती प्रक्रिया राहून गेली. आता सात ठिकाणी मिळून २,४६४ एमएलडीची केंद्रं महापालिकेला उभारावी लागत आहेत. जागा आज ठेवली नाही तर उद्या मुंबईपेक्षा कितीतरी लहान अर्थसंकल्पातून ती विकत घ्यावी लागेल.

वाटेत राहणारी माणसं

आपल्या भूसंपादन कायद्यात मालकी नसलेल्या कुळा-मजुरांना स्थान आहे, पण अतिक्रमण करून राहणाऱ्याला फारसं नाही. बँकेच्या नियमांत आहे. जागतिक बँकेची पर्यावरण आणि सामाजिक चौकट ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. तिच्यानुसार जागेवर हक्क नसलेल्या झोपडीधारकालाही त्याच्या बांधकामाची भरपाई आणि पुनर्वसनाची मदत द्यावी लागते. नळीसाठी तीन आठवडे रस्ता खणला आणि वडापावच्या गाडीचा धंदा बंद पडला, तर त्या बुडालेल्या कमाईचाही विचार करावा लागतो. ‘अतिक्रमण हटवलं’ एवढाच शेरा असलेली फाईल बँकेपुढे टिकत नाही. हे नियम कागदावरचे समजू नका. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात विस्थापितांच्या तक्रारी बँकेच्याच तपासणी पॅनेलकडे गेल्या आणि जागतिक बँकेनं मार्च २००६ मध्ये रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे थांबवले. ते पुन्हा सुरू व्हायला जून उजाडला.

करायचं ते असं. एक कट-ऑफ तारीख जाहीर करा, तिच्यानंतर आलेल्याला भरपाई नाही. त्या आठवड्यातच आखलेल्या मार्गावरच्या प्रत्येक घराचा, टपरीचा, हातगाडीचा फोटो, माप आणि माणसाचं नाव नोंदवा. यादी वॉर्ड कार्यालयात मराठीत लावा, हरकतींसाठी पंधरा दिवस द्या, आणि आलेल्या हरकतीचा निकाल लेखी द्या. यादी करायला उशीर झाला की टपऱ्या वाढतात आणि खरे-खोटे निवडता येत नाहीत. तक्रारींची वही कामाच्या जागी ठेवा. बँकेचं पथक आलं की ती वही मागतं, आणि कोरी वही त्यांना भरलेल्या वहीपेक्षा जास्त संशयास्पद वाटते.

वस्तीतले संडास

गटार योजनेत झोपडपट्टीचं नाव आलं की सामुदायिक शौचालयाचा एक ओळीचा खर्च टाकून मोकळं व्हायची सवय आहे. याबाबतीत मुंबईच्या मलजल प्रकल्पातला, १९९५ नंतर सुरू झालेला झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रम अभ्यासण्यासारखा आहे. जागतिक बँकेच्या पैशातून तीनशेच्या वर शौचालयं, मिळून पाच हजारांहून अधिक आसनं उभी राहिली. पद्धत अशी होती. वस्तीनं आधी संस्था नोंदवायची. प्रत्येक प्रौढामागे शंभर रुपये, घरामागे जास्तीत जास्त पाचशे, अशी ठेव गोळा करायची. ती झाली की महापालिकेनं बांधकाम करायचं आणि चालवायची जबाबदारी संस्थेवर. आधी ठेव, मग वीट. जिथे ठेव खरोखर घराघरातून आली तिथे संस्था टिकण्याची शक्यता जास्त. जिथे कोणा एकानं सगळ्यांच्या नावानं भरून टाकली तिथे शौचालय त्याच एकाचं होतं.

आसनामागे पन्नास माणसं हा मापदंड. वीस आसनं म्हणजे हजार माणसं, साधारण दोनशे घरं. पाणी माणशी रोज १५ लिटर धरलं तर १५ हजार लिटर, आणि महापालिकेचं पाणी एक दिवस आलं नाही तरी भागावं म्हणून ३० हजार लिटरची साठवण. आता महिन्याचा खर्च. देखरेखीचा माणूस आणि सफाईचा माणूस, प्रत्येकी १२ हजार धरले तर २४ हजार. वीज, पाणी, फिनेल, दुरुस्ती मिळून आणखी ८ हजार. एकूण ३२ हजार भागिले दोनशे घरं, म्हणजे घरटी १६० रुपये मासिक पास. वस्तीच्या बैठकीत पन्नास रुपयांचं आश्वासन देऊन आलात, तर सहाव्या महिन्यात सफाईवाला सोडून जाईल. मीटर घेताना वीज कोणत्या दरानं लागणार ते आधी ठरवून घ्या. व्यावसायिक दर लागला की संस्थेचा हिशोब पहिल्याच बिलाला मोडतो, आणि पहिली बंद होते ती रात्रीची दिव्याची सोय. मग बायका रात्री तिथे जायचं टाळतात.

देखरेखीच्या माणसाची खोली वरच्या मजल्यावर ठेवा, मुलांसाठी वेगळी छोटी आसनं ठेवा, पाळीची पॅड टाकायची सोय ठेवा. आणि इमारत गटाराला जोडा. शेजारून मुख्य नळी जाते आणि शौचालयाची सेप्टिक टाकी भरून गल्लीत वाहते, हे दृश्य नकाशावर दोन खात्यांची रेघ एकत्र न आणल्याचं फळ आहे.

निविदा

केंद्राचा आर्थिक कार्य विभाग वाटाघाटींपर्यंत साधारण ३० टक्के कामांच्या निविदा तयार असाव्यात असा आग्रह धरतो. त्या जुन्या दरसूचीवर बांधल्या की फसतात. मुळा-मुठा प्रकल्पाचा कर्ज करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. निविदांचे दर अंदाजाच्या बरेच वर आले, प्रक्रिया पुन्हा करावी लागली आणि कामाला सुरुवात व्हायला २०२२ उजाडलं. अंदाजपत्रक निविदा काढण्याआधी सहा महिन्यांच्या आतल्या दरांवर नवं करा. पंप, ब्लोअर, डीआय (लवचिक बिडाच्या) नळ्या यांचे बाजारभाव तीन-तीन उत्पादकांकडून लेखी घ्या.

बँकेच्या निविदेत आपल्या ओळखीच्या काही गोष्टी चालत नाहीत. अंदाजपत्रकापेक्षा इतके टक्के वर किंवा खाली आला म्हणून देकार आपोआप बाद करता येत नाही. सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला बोलावून दर कमी करून घेता येत नाही. सगळे देकार फेटाळायचे तर आधी बँकेची संमती लागते. स्थायी समितीला हे आधी समजावून सांगा, नाहीतर समिती तिच्या सवयीप्रमाणे दर पाडून घेईल आणि तो अख्खा ठेका बँक पैसे देण्यास अपात्र ठरवेल.

नळ्या, पंपिंग स्टेशन आणि प्रक्रिया केंद्र यांचे ठेके वेगळे ठेवले तर तिघांच्या तारखा जुळल्याच पाहिजेत. केंद्र तयार आणि नळी अर्धी असेल तर यंत्रांची हमी मुदत डब्यातच संपते. केंद्राच्या ठेक्यात किमान पाच वर्षांची देखभाल घाला.

पैसा कसा परत येतो

आधी नगरपरिषद किंवा राज्य खर्च करतं. मग त्या तिमाहीचा अंतरिम वित्तीय अहवाल साधारण ४५ दिवसांत जातो. आर्थिक कार्य विभागाचं दिल्लीतलं सहाय्य लेखा व लेखापरीक्षा कार्यालय दावा बँकेकडे पाठवतं, पैसे केंद्राला येतात आणि तिथून राज्याला. म्हणजे कमीत कमी दोन तिमाहींचा खर्च पेलेल एवढी रोख हवी. राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष (या खर्चाचं वेगळं खातं) नसेल तर सगळी साखळी पहिल्या कडीलाच अडते, म्हणून ते डिसेंबरच्या आत मागून घ्या.

सही होण्याआधीच्या बारा महिन्यांत केलेला खर्चही कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत परत मिळू शकतो, मात्र निविदा बँकेच्या नियमानं झालेली असेल आणि करारात तशी तरतूद असेल तरच. सर्वेक्षण आणि सल्लागाराचे पैसे यातून निघतात. वार्षिक लेखापरीक्षण अहवाल साधारण आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत लागतो. प्रकल्पाचं बँक खातं, कॅशबुक आणि मोजमाप पुस्तिका नगरपरिषदेच्या इतर कामांपासून वेगळी ठेवा. एकाच मोजमाप पुस्तिकेत दोन योजनांच्या नोंदी सापडल्या की लेखापरीक्षक दोन्ही बाजूला काढतो, आणि अपात्र ठरलेली रक्कम व्याजासकट परत करावी लागते.

दरमहा बिल

पाणी उचलायचा खर्च असा काढा. एक घनमीटर पाणी ८० मीटर उंच चढवायला, पंप आणि मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षमता धरून, सुमारे ०.३४ युनिट लागतात. २२ एमएलडीला रोज साधारण ७,४०० युनिट. दर युनिटला ८ रुपये धरला तर रोजचे ५९ हजार, वर्षाला सव्वादोन कोटींच्या जवळ. पंप जुना होऊन कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आली की हाच आकडा पावणेतीन कोटींच्या पुढे जातो. प्रक्रिया केंद्राची वीज, रसायनं, गाळ उचलणं आणि माणसं यात अजून धरलेली नाहीत.

मुंबई महापालिकेत पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाचा अर्थसंकल्प ‘जी’ या नावानं वेगळा मांडला जातो, आणि २०१२ पासून पाणीपट्टी दरवर्षी जास्तीत जास्त ८ टक्के वाढवता येईल असं धोरण आहे. वाढ प्रत्येक वर्षी होतेच असं नाही, पण वेगळा हिशोब असल्यामुळे तूट तरी दिसते. नगरपरिषदेत पाणीपट्टी सर्वसाधारण फंडात मिसळते आणि तूट कोणालाच दिसत नाही.

म्हणून ठरावात या गोष्टी शब्दशः असाव्यात: पाणी आणि मलनिस्सारणाचं खातं वेगळं राहील, दरवाढ कोणत्या महिन्यापासून आणि किती टक्के, मीटर कोणत्या वर्षापर्यंत बसतील, मलनिस्सारण आकार पाणीपट्टीच्या किती टक्के, वीजबिल या खात्यातून सर्वांत आधी भरलं जाईल, उपकर्जाचा हप्ता थकल्यास राज्य कोणत्या अनुदानातून कापून घेईल. खाली मतदानाचे आकडे आणि सभेच्या इतिवृत्ताचा क्रमांक लिहा. ठरावाची प्रमाणित प्रत प्राथमिक प्रकल्प अहवालासोबत जोडून नगरविकास विभागात आवक क्रमांक घेऊनच द्या.